छपराची रांग

मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला त्याला कुणीतरी हवं होतं आणि बाजारात त्या वेळी मोकळी होते ती मीच. मोकळी कसली – शाळेच्या गणवेशाला कॉलर लावत मशीनवर बसले होते. पण तो समोर येऊन "जरा धरता का?" म्हणाला आणि मी धरलं. टोमॅटोच्या ढिगांमधून फीत सोडत तो मागे मागे गेला, आणि माप बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिला. मीही बघितलं. खोटं कशाला बोलू?

क्यालो त्याचं नाव. काउंटीच्या सरकारी कचेरीतून आमच्या किथुनी गावाचा पाच वर्षांचा आराखडा करायला आला होता. पहिल्या वर्षी काय बांधायचं, दुसऱ्या वर्षी काय, असं सगळं. मला कळलं ते एवढंच की बाजारावर एकदाचं छप्पर येणार. उन्हाने कापड विटतं, पावसाने मशीन गंजतं. मोम्बासाचा दादा केव्हापासून मागे लागला होता, इकडे ये, हॉटेलांचे कपडे शिवायचं काम आहे. यंदा छप्पर मंजूर झालं तर राहते, नाहीतर येते, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं.

क्यालोला हे सांगितलं तेव्हा तो माझ्या मशीनशेजारी चहा पीत बसला होता. रोजच बसायचा. मोजमापं कधीच संपली होती, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. शेजारी आंबे विकणारी कालुंडे मावशी मुद्दाम मोठ्याने विचारायची, साहेब, आता काय मोजायचं राहिलंय? मग हा बिचारा चहाबरोबरची तळलेली मंदाझी अख्खी तोंडात कोंबायचा.

"छप्पर चौथ्या वर्षी आहे," तो हळूच म्हणाला.

"चौथ्या? आणि तोवर?"

"तोवर गटार. टेकडीचं सगळं पाणी बाजारातून वाहतं. ते आधी वळवलं नाही, तर छपराचे खांब दोन पावसाळ्यांत कलतील."

"खांबांची फार काळजी बाई तुम्हाला."

"खांबांची नाही..." एवढंच बोलला आणि कपात बघत बसला.

मला राग आला. आराखड्यात छपराची ओळ वर सरकवली असती तर याचं काय बिघडणार होतं? त्याच संध्याकाळी पाऊस झाला. बाजारातून लाल पाणी धावत गेलं, आणि मशीन टेबलावर चढवून मी घोटाभर चिखलात उभी राहिले ती त्याच्या लांब बोटांचा विचार करत. मोम्बासाला समुद्र आहे, वारा आहे, रात्रभर दिवे असतात म्हणे... पण तिथे क्यालो नव्हता ना. वेड लागलं होतं मला, दुसरं काय.

आधी कुठलं काम घ्यायचं ते ठरवायला गावाची सभा आंब्याच्या झाडाखाली भरली. आमच्याकडे मतपेटी नसते. ज्याला जे काम हवं, त्याने त्या कामाच्या रांगेत उभं राहायचं. बायकांनी छपराची पाटी माझ्या हातात दिली आणि मला रांगेच्या तोंडाशी उभं केलं. रांगा लागायच्या आधी क्यालो बोलला. माझ्याकडे एकदाही न बघता त्याने गटार आधी का हवं ते सांगितलं, आणि मेला इतकं पटण्यासारखं बोलला की मलासुद्धा पटलं.

तरी माझी रांग मोठी होती. मग कालुंडे मावशी खाकरली. "कावाता, दरवर्षी माझे आंबे त्याच पाण्यात जातात गं," मला म्हणाली आणि गटाराच्या रांगेत गेली. तिच्यामागून एकेक जण. मी पाटी उंच धरून समोर बघत राहिले. डोळे भरून आले होते. मनातल्या मनात मी सामान बांधायलाही घेतलं होतं.

एकाएकी सगळे हसायला लागले. वळून बघते, तर माझ्यामागे एकटा क्यालो.

सभेचे अध्यक्ष म्हातारे गृहस्थ. त्यांनी समजावलं की साहेब, अधिकाऱ्यांना मत नसतं, आणि गटार तर तुम्हीच सांगितलंत.

"गटारच आधी व्हायला हवं," क्यालो म्हणाला. "मी छपरासाठी उभा नाही. हिच्यासाठी उभा आहे. ही एकटी पडलेली मला बघवेना."

मग फक्त मला ऐकू जाईल असं – "चार वर्षं फार होतात, कळतंय मला. पण... राहा ना, कावाता."

सारं गाव कान टवकारून उभं. प्रेम होतं माझं त्याच्यावर, पण ते एवढ्या लोकांत सांगायचं कसं? मी पाटी झाडाला टेकवली.

"साहेब, रांग मोजायला जा," म्हटलं. "आणि गटारात एक वाढवा."

मी मावशीच्या मागे जाऊन उभी राहिले. तो मोजत यायचा, माझ्यापाशी आला की आकडा विसरायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू. लोकांनी हसून हसून पोट धरलं.

रांगेतूनच दादाला फोन लावला. येत नाही म्हटलं. का, म्हणून तो ओरडला.

"गटार मंजूर झालं रे, दादा," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना.