बाबांची वाटी

सासऱ्यांनी ताट पुढे सरकवलं, आणि सुनेच्या हातातला डाव जागच्या जागी थांबला.

"भाजी केलीस की नुसत्या पाण्यातून काढलीस?" ते म्हणाले. "हाताला चव होती तुझ्या. कुठे गेली?"

तिनं डाव पातेल्यात ठेवला. खरं सांगायची सोय नव्हती. बाबांचं बीपी चढलेलं. डॉक्टरांनी तिलाच बाजूला घेऊन बजावलेलं, की मीठ निम्म्यावर आणा, झटका काही सांगून येत नाही. आणि बाबा पडले आचारी, खाणावळीच्या भट्टीपुढे हयात गेलेले. पथ्याचं नाव काढलं की पानावरून उठून जायचे. म्हणून कुणालाही, अगदी नवऱ्यालाही न सांगता तिनं चिमटीचिमटीनं मीठ कमी करत आणलं होतं... आणि सुगरण म्हणून मिळवलेलं नाव स्वतःच्या हातानं घालवलं होतं. अंतःकरण तुटायचं तिचं. पण बाबा डोळ्यांसमोर राहणार असतील, तर अशी बोलणी जन्मभर खायची तिची तयारी होती.

तिला छळत होतं ते निराळंच. एवढं करूनही बीपी तसूभर उतरत नव्हतं! शिवाय एक दिवस ताट सरकवणारे बाबा दुसऱ्या दिवशी तसलीच भाजी मिटक्या मारत खायचे. टेबलावर मीठ नव्हतंच कधी. वरून मीठ मागणं म्हणजे रांधणाऱ्याच्या थोबाडीत मारणं, हा त्यांचा खाणावळीतला नियम घरातही चालायचा. मग हे गौडबंगाल काय? डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता ती विचार करायची, आणि दुःखाहून कुतूहलच वरचढ व्हायचं. हळूहळू एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मिटक्यांच्या दिवशी बाबांची वाटी सासूबाईंनी भरलेली असायची.

दुसऱ्या दिवशी वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं ती गॅलरीत गेली आणि खिडकीतून आत पाहत राहिली. सासूबाईंनी वाटी भरली, दाराकडे एक नजर टाकली, स्वेटरच्या खिशातून पुडी काढली...

"आई, काय घालताय?" ती आत येत म्हणाली.

सासूबाई दचकल्या. मग खुर्ची ओढून बसल्या.

"मीठ गं. तू विसरतेस हल्ली. कामाचा रगाडा असतो मागे, माणूस विसरायचाच. रोज तुला बोलणी बसतात, ती बघवत नाहीत मला. म्हटलं, त्यांची वाटी तेवढी सावरून घ्यावी."

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत झाली होती या घराची! "मी विसरत नव्हते, आई," ती म्हणाली, आणि डॉक्टरांचं बोलणं तिनं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मीच... माझ्या हातानं..." सासूबाईंनी पुडी टेबलावर टाकली. त्या तिच्या कुशीत शिरून रडू लागल्या.

"दोघींनी रडून बीपी उतरणार आहे का?"

बाबा दारात उभे होते. सगळं ऐकलं असणार. आता आभाळ कोसळणार, या भीतीनं ती पुढे झाली. "चुकलं माझं, बाबा. तुमच्यापासून लपवलं मी."

"लपवण्यात मी तुझा बाप आहे." ते टेबलाशी बसले. वाटी पुढे ओढली. "मला चव लागत नाही, पोरी. फार दिवस झाले. मीठ भरपूर पडलं, तरच काहीतरी जाणवतं. आचाऱ्याची जीभ गेली म्हटल्यावर त्याचं उरलं काय? ते कळू नये म्हणून तुझ्या हाताला नावं ठेवत राहिलो मी."

त्यांनी ती वाटी मोरीत ओतली आणि रिकामी करून तिच्यापुढे धरली. तिनं पातेल्यातली भाजी वाढली. एक घास खाल्ला त्यांनी. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"तू खा," ते म्हणाले, "आणि मला सांग, कशी झालीय."

तिनं चमचा तोंडात घातला. ती म्हणाली, "टोमॅटो आंबट आहेत, बाबा. मिरी मागाहून लागते, घशात. आणि लसूण... लसूण जरा करपलाय."

बाबांनी डोळे मिटून दुसरा घास घेतला, सावकाश चावला.

"करपणारच," ते म्हणाले. "आच मोठी ठेवतेस तू."

मग त्यांनी वाटी संपवली.