वाटीवरचा हात

खानावळीत बारा टेबलं होती, अठ्ठेचाळीस खुर्च्या, चार पंखे आणि वाढपाचं काम करणारा एक यंत्रमानव. जेवायला माणसं दोन.

पठारावरच्या सौरप्रकल्पाचं बांधकाम चालू होतं तेव्हा इथे पंगतीमागून पंगत उठायची. मग काम संपलं, कामगार गेले. आता सौरपट्ट्या पुसायलाही यंत्रंच होती. अकरा वर्षांच्या जुईची शाळा पडद्यावर भरायची आणि तिचे बाबा रोज संध्याकाळी नियंत्रणकक्षात कामावर असायचे, म्हणून ती खानावळीत जेवायची. समोर बसायचे केळुसकर आजोबा, हवामानकेंद्रातले निवृत्त शास्त्रज्ञ. दिवसभरात तिच्यासमोर येऊन बसणारं तेवढं एकच माणूस. पण हल्ली तेही बोलत नसत. मान खाली घालून भराभर जेवत आणि उठून जात.

जुईला एक कोडं पडलं होतं. आजोबा आमटीच्या चार वाट्या संपवायचे आणि मग पोट धरून उठायचे. आवडते, तर चेहरा असा का?

"सोमवारपासून मी खोलीवरच भात टाकणार आहे," शनिवारी ते म्हणाले.

जुईचा घास हातातच राहिला. "आणि मी?"

"तू जेव की इथे. आमटी छान असते."

"छान असते म्हणून चार वाट्या खाता?"

"खातो कुठला! हा वाढतो. मी वाटीवर हात आडवा धरतो, तरी हा लोचट थांबत नाही. हात भाजायच्या आत काढून घ्यावा लागतो. पानात टाकणं मला जमत नाही, म्हणून संपवतो. संपवली की स्वारी पुन्हा हजर!"

"मग स्वयंपाकघरातल्या मावशींना सांगा ना."

"काय सांगू? एवढ्या मायेने रांधतात त्या. वाईट वाटेल त्यांना."

जुईने वाढप्याकडे निरखून पाहिलं. त्याला डोळे नव्हते. तो जमिनीतल्या पट्टीवरून चालायचा. कानही काढून टाकले होते, कारण गर्दीच्या दिवसांत एकाचं 'वाढ' ऐकून तो दुसऱ्यालाच वाढायचा. त्याला कळायचं ते फक्त वजनसंवेदकामुळे (वजनातला बदल ओळखणाऱ्या चकतीमुळे). प्रत्येक वाटीखाली अशी एक चकती होती. वाटीचं स्वतःचं वजन सोडून आत किती ग्रॅम आमटी आहे, तो आकडा शेजारी हिरवा उजळायचा. आकडा वीसच्या खाली गेला की वाढप्या निघायचा.

जुईने आपली वाटी जवळजवळ संपवली. आकडा बारावर आला. तिने डावा हात वाटीवर आडवा धरला. आकडा बाराच राहिला आणि वाढप्या पळी घेऊन निघालाच.

"आजोबा, तुमचा हात त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही! हवेतल्या हाताचं वजन वाटीवर कुठे पडतं?"

आजोबा पहिल्यांदाच हसले. "म्हणजे हा फीडबॅक आहे (परिणाम उलट फिरून कारणाला जाऊन मिळणं). तो वाढतो म्हणून मी खातो, मी खातो म्हणून तो वाढतो. सुटका व्हावी म्हणून मी घाई करतो, तर त्याच्या फेऱ्या आणखी लवकर!"

आता जुईने हात वाटीवर टेकवला. आकडा एकशे साठ. वाढप्या अर्ध्या वाटेतून परत फिरला. तिने हात उचलला. आकडा पुन्हा खाली, वाढप्या पुन्हा हजर.

"हात उचलला की विसरतो," ती हिरमुसून म्हणाली.

"मग त्याला काय हवं?"

जुईने विचार केला. "आठवण."

एवढ्यात खानावळवाल्या अनसूयामावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. सगळं ऐकून त्या कपाळावर हात मारून हसल्या. "आगं बया! मला वाटलं, केळुसकरांना माझी आमटी लईच गोड लागतीया. मी खोबरं वाढवत बसलीया! बंदच करू का ह्याला? पर मग वाढायला नवे गुडघे कुठनं आणू?"

"बंद नको. नवा नियम घालू या," जुई म्हणाली. "पळीतून काही न पडता वजन शंभर ग्रॅमने वाढलं, तर त्याचा अर्थ 'पुरे'. जेवण संपेपर्यंत लक्षात ठेवायचं."

"आन् कुणी वाटीत लिंबाची फोड टाकली तर? लगेच पुरे?"

फोड वाटीत टाकून पाहिली. नऊ ग्रॅम. हाताने वजन एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅमने वाढलं होतं. शंभरचा आकडा दोन्हींच्या मध्ये होता. मावशींनी स्वयंपाकघरातल्या वाढप्याच्या नियंत्रणफलकावर नियम भरला. आजोबा हात धुऊन निघून गेले. रविवारी खानावळ बंद होती.

सोमवारी जुई एकटीच बसली. पंख्यांचा आवाज येत होता. समोरचं ताट पालथंच होतं. तिने भात कालवला, पण खाल्ला नाही.

दार वाजलं. आजोबा आत आले आणि त्यांनी ताट सुलटं केलं. पहिली वाटी संपत आली तसा वाढप्या निघाला. आजोबांनी डावा हात वाटीवर टेकवला आणि उचलला. वाढप्या थांबला, वळला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

"ढगाची उंची कशी मोजतात, विचारणार होतीस ना मागे?" आजोबा म्हणाले. "उद्या केंद्रावर ये, दाखवतो. पण आधी ऐकून घे."

त्या संध्याकाळी केळुसकर आजोबा दीडशे ग्रॅम आमटी जेवले आणि टेबलावर चोपन्न मिनिटं बसले.