सूतभर फट

सन एकोणीसशे सहासष्ट. मी बावीस वर्षांची होते, आत्याकडे राहायचे आणि घरी केक करून दोन दुकानांना पोचवायचे. आमचा ओटा जेमतेम तीन हात, त्यातला निम्मा सिंकनं गिळलेला. तिसऱ्या दुकानाची मागणी आली आणि जागा संपली. एकदा केक आत्याच्या पलंगावर निववत ठेवला, तर आत्या त्यावर बसता बसता वाचली. म्हणजे केक वाचला.

"सिंकवर फळी टाकून घे, ठमे," ती म्हणाली. "काम असलं की झाकायची, भांडी घासायची असली की काढायची."

समोरच्यांचं दार बसवायला एक तरुण सुतार आला होता. त्यालाच हाक मारली.

"फळी ओट्याशी सपाट बसेल?" मी विचारलं.

"बसेल का म्हणजे? मधे नख जाणार नाही!"

त्यानं माप घेतलं. परत घेतलं. तिसऱ्यांदा घेऊ लागला तेव्हा मला हसू आलं. "एवढंसं तर सिंक आहे!"

"दोनदा सिंकच मापलं," तो म्हणाला, "तिसऱ्यांदा..." आणि कान लाल करून पेन्सिल शोधू लागला. ती त्याच्या कानावरच होती.

फळी अशी बसली की बघत राहावं. मी तिच्यावर खुशाल केक मांडले, संध्याकाळी सवयीनं ओल्या फडक्यानं पुसली. सकाळी फळी हलेना. कोरं लाकूड फुगून सिंकमध्ये घट्ट बसलं होतं.

"अरे सुतारा, हे झाकण आहे की भिंत?" आत्या कडाडली.

तो खाली मान घालून म्हणाला, "सूतभर फट सोडायला हवी होती. शिकाऊसुद्धा सोडतो."

"मग तुम्ही का नाही सोडलीत?" मी विचारलं.

"तुम्ही बघत होतात ना..."

वाळली की सुटेल, रोज येऊन बघतो, असं तो म्हणाला. आणि जाता जाता, "पुढच्या शनिवारपर्यंतच हं. मग मी बंदराच्या गावी चाललो. बोटी बांधायचं काम मिळालंय."

तो गेल्यावर मी फुलपात्रभर पाणी घेतलं आणि फळीच्या कडेकडेनं सोडलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

तो रोज यायचा, फळीवर टकटक करायचा, "अजून ओलीच" म्हणायचा आणि अर्धा तास बसायचा. आत्या न्हाणीघरात भांडी आपटायची.

शुक्रवारी त्यानं फळीवर तळवा ठेवला, उचलला आणि ओली बोटं बघितली.

"चार दिवसांत सुटायला हवी होती ही."

"हवा... दमट आहे."

"फक्त याच ओट्यावर?"

मला रडूच फुटलं. "सुटली असती तर तुम्ही आला असतात का?"

त्यानं पिशवीतून गिरमिट काढलं. "मधोमध भोक पाडायचं, आकडा घालून ओढायचं. दोन मिनिटांचं काम."

"मग पहिल्याच दिवशी का नाही पाडलंत?"

"पाडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी काय म्हणून आलो असतो?"

"म्हणजे दोघांनी मिळून मला आठवडाभर न्हाणीत भांडी घासायला लावलीत!" आतून आत्या ओरडली.

तो जवळ सरकला. "तिकडे खोली देणार आहेत. एकट्याला मोठी पडेल... येशील?"

पहिल्यांदाच 'अहो-जाहो' सुटलं होतं.

"आत्याला टाकून नाही येणार," मी म्हटलं.

"त्यांना टाकायचं कुणी म्हटलंय?"

"सिंक मोठं असेल तरच येईन!" न्हाणीतून आवाज आला.

भोक वाकडंच पडलं. फळी मात्र सुटली.

लग्न करून, आठवडाभर उशिरानं, आम्ही तिघं गेलो. तिसऱ्या दुकानाच्या मालकानं मला कधी माफ केलं नाही. आत्या आमच्याकडे अकरा वर्षं होती, जावयाचीच बाजू घ्यायची. तिच्याच नावाची माझी लेक आता बेकरी चालवते. त्याला जाऊन चार वर्षं झाली. चाळीस वर्षं बोटी बांधल्या त्यानं, पण पोहायला काही शिकला नाही. समुद्रावर गेलो की माझा हात घट्ट धरून गुडघाभर पाण्यात यायचा आणि म्हणायचा, "सोडू नकोस हं."