उबपेटीतला मेलेला पापुद्रा

“माझं यंत्र खोटं बोललेलं नाही, कुझेबाई!” डॉक्टर इसुरुगी दारातूनच म्हणाली. तिच्या कोटावरचा बर्फ अजून वितळला नव्हता.

खासगी गुप्तहेर शिनोबु कुझे लगेच उठली. तिचा मदतनीस सोनोदा चहा संपवूनच निघाला.

इसुरुगी काम करत असलेल्या, जपानच्या नीगाता शहरातल्या प्रयोगशाळेत रुग्णाच्याच पेशींपासून हिरडीचा पापुद्रा वाढवत. पूर्वी तो तुकडा कापून तपासावा लागे. इसुरुगीचं यंत्र त्याला हातही न लावता, प्रकाशाने पेशींची हालचाल टिपून तो जिवंत आहे का ते सांगे. सकाळी त्याने एका बासरीशिक्षिकेसाठीचा पापुद्रा उत्तम ठरवला होता. दुपारी उबपेटीतली, म्हणजे ऊब देऊन पेशी वाढवण्याच्या पेटीतली, बशी उघडली, तर पापुद्रा मेलेला. पापुद्रा बसवायची शस्त्रक्रिया उद्यावर आलेली.

“सकाळी बशीतला द्रव पिवळट होता,” इसुरुगी म्हणाली. “तो द्रव म्हणजे पेशींचं खाणं. ताजा असताना गुलाबी असतो. पेशी खातात, तसा पिवळा पडत जातो.”

प्रयोगशाळेत पोचल्यावर कुझेने बशी पाहिली. द्रव गुलाबी होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख उत्सुमी सेन्सेई भडकलेलेच होते. “जन्मभर मी कापून तपासलं, आणि पेपरात फोटो हिचा! जळलो मी, नाही कशाला म्हणू? पण रुग्णाच्या वाटेला जाणार नाही.”

“दुसरा पापुद्रा नाही?” कुझेने विचारलं.

“बाकी उबपेट्या रिकाम्या आहेत. इमारतीत दुसरं काहीच वाढत नाहीये. शीतपेटीत जुने मेलेले नमुने तेवढे आहेत.”

पापुद्रे वाढवणाऱ्या डॉक्टर हात्सुकानो हातमोजे न काढताच बोलल्या. “पूर्वी सगळे मला विचारायचे, हात्सुकानोसान, जमलाय का? आता यंत्राला विचारतात. विचारा की त्यालाच, पापुद्रा का मेला!” त्यांनी घड्याळ पाहिलं. “आटपा लवकर. पेशींचं खाणं बदलायचंय मला.”

“तो म्हातारा उत्सुमीच!” सोनोदा बाहेर येऊन कुजबुजला. “जळलो म्हणून स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय.”

“सगळ्यांना आत बोलाव,” कुझे म्हणाली.

सगळे जमल्यावर ती म्हणाली, “सकाळचा पिवळट द्रव दुपारी गुलाबी कसा झाला? पिवळा पडलेला द्रव आपोआप पुन्हा गुलाबी होत नाही, आणि मेलेल्या पेशी खात नाहीत, म्हणून यातला गुलाबीच राहिला. म्हणजे बशीच बदलली. हा शीतपेटीतला जुना नमुना आहे.”

“मग खरा कुठे गेला?” उत्सुमी ओरडले.

“इथे काहीच वाढत नसेल, तर हात्सुकानोसान कुणाचं खाणं बदलायला निघाल्या होत्या?”

हात्सुकानोंचा चेहरा पांढराफटक पडला.

“सवयीने बोलले मी...”

“मग सगळ्या उबपेट्या उघडूया. चालेल?”

हात्सुकानो उठल्या. मग स्वतःच त्यांनी भिंतीकडची ‘नादुरुस्त’ पाटी लावलेली उबपेटी उघडली. आत ऊब होती, आणि पिवळट द्रवात पापुद्रा.

“उद्या सकाळी मीच आणून देणार होते,” त्या म्हणाल्या. “हा मी राखून ठेवलेला, असं सांगून. एकदा तरी सगळे पुन्हा माझ्याकडे धावत आले असते.”

“आणि यंत्राबरोबर माझंही नाव गेलं असतं, त्याचं काय?” इसुरुगीने विचारलं.

“तेच तर हवं होतं मला.”

उत्सुमींनी त्यांच्याकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या मागून घेतल्या. इसुरुगीने बशी यंत्राखाली ठेवली. पडद्यावर पेशी सरकू लागल्या.

दारापर्यंत गेलेल्या हात्सुकानो थबकल्या. “काय म्हणतंय तुझं यंत्र?”

“जिवंत आहे. उत्तम आहे.”

“ते मला बघूनच कळलं होतं,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत बाहेर पडल्या.