सहाशे तेरावं गाणं

सर्व्हर निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी अख्ख्या शाळेला सांगत सुटले. का नाही सांगणार? तैवानमधल्या शिन्चूतल्या आमच्या शाळेत संगणक मंडळाची अध्यक्ष पहिल्यांदाच मुलगी झाली होती, आणि ती मी होते. जोंग ई-निंग, वय सतरा.

काम मात्र खेळ नव्हता. मंडळाच्या जुन्या यंत्रावर हक्का या बोलीतली सहाशे बारा गाणी होती, बेइपू गावच्या चहामळ्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून आमच्या आधीच्या मुलांनी ध्वनिमुद्रित केलेली. गाणारे बहुतेक आता हयात नाहीत. दुसरी प्रत कुणीच काढली नव्हती आणि हार्ड डिस्क आठवडाभर टकटक करत होती. ती बंद पडली की गाणी गेली.

मंडळ बघणाऱ्या लाइ सरांनी चकचकीत नव्या सर्व्हरचं पत्रक आणलं. मी चिपची नावं वाचली.

"सर, याचं डिस्कचं कार्ड लिनक्सला ओळखताच येत नाही."

"पण दिसायला काय सुंदर आहे गं!"

"सर, आपल्याला त्याचं लग्न नाही लावायचं."

मला जुनं, मुरलेलं यंत्र हवं होतं, ज्याच्या प्रत्येक भागावर जगभरच्या लोकांनी आधीच डोकं फोडून घेतलंय असं. म्हणून शनिवारी सकाळी मी आणि माझी मैत्रीण को-शिन वापरलेल्या यंत्रांच्या बाजारात फान मावशींच्या गाळ्यावर गेलो. मी लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून एकेक सर्व्हर चालू करत होते आणि पडद्यावर भागांची यादी वाचत होते. पाचवा सर्व्हर लाखात एक निघाला. नेटवर्क कार्ड ओळखलं, डिस्कचं कार्ड ओळखलं, चुका दुरुस्त करणारी मेमरी, सगळं जिथल्या तिथे. शेवटी एक ओळ जास्तीची होती. माइक, एक.

सर्व्हरला माइक नसतो. मी झाकण उघडून पाहिलं. नव्हताच.

"दिसला वाटतं तुलाही," मावशी म्हणाल्या. "तीनदा परत आलंय हे."

"बिघडतं?"

"छे! एकदाही नाही." त्यांनी नारळी कुरकुऱ्यांची हिरवी पुडी सर्व्हरच्या डोक्यावर ठेवली. "ही हलवू नकोस. आणि तारीख उलटायच्या आत बदल."

आमच्याकडे ही पुडी बँकेच्या सर्व्हरवरही असते. हिरवीच लागते, पिवळी चालत नाही. पुडी असली की यंत्र शहाण्यासारखं वागतं म्हणे. माझा विश्वास नाही, पण ठेवते मीही. माइकचं मात्र मला भारी कुतूहल वाटलं. नसलेली गोष्ट यादीत येते कशी? मी तोच घेतला.

दुपारी मंडळाच्या खोलीत गाणी उतरवायला सुरुवात केली. एक, दोन, पन्नास. प्रत्येक प्रत मूळ गाण्याशी ताडून बरोबर येत होती. मी खुशीत खुर्चीवर गिरक्या घेत होते. चारशे तेरावर काम थांबलं.

मी केबल तपासल्या. नोंदी वाचल्या. एकही चूक नव्हती. फक्त शेवटी नवी ओळ आली होती: माइक, चालू.

मागून कुरुमकुरुम ऐकू आलं.

"को-शिन! काय खातेयस?"

"भूक लागली होती." तिच्या हातात रिकामी हिरवी पुडी होती. "तुझा कुठे विश्वास आहे?"

"अगं ए खादाड! सर्व्हरचा खाऊ खातं का कुणी?"

हसत-भांडत आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात धावलो. जाताना खोलीला कुलूप लावलं, ते मीच लावलं. येऊन नवी पुडी ठेवली आणि चारशे चौदावं गाणं उतरू लागलं. योगायोग, मी म्हटलं. को-शिनने पुडी नीट सरळ करून ठेवली.

पाच वाजता काम संपलं. जुन्या यंत्रावर सहाशे बारा. नव्यावर सहाशे तेरा.

जास्तीची फाइल अकरा मिनिटांची होती. वेळ पाहिली. यंत्रावर पुडी नव्हती तेवढीच.

"पुसून टाक," को-शिन म्हणाली.

"वेडी आहेस का? ऐकू तर दे!"

आधी आमचंच भांडण होतं. मग कुलपाचा आवाज. मग रिकामी खोली, पंख्याची घरघर. मग कुणीतरी खोकलं.

सगळ्या गाण्यांची सुरुवात ठरलेली असते. गाणारं माणूस आपलं नाव, वय, गाव सांगतं आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला विचारतं, सुरू करू का?

थकलेला, गोड आवाज होता. हक्कामध्ये बोलत होता.

"जोंग ई-निंग. वय एक्याऐंशी. बेइपू."

नाव माझंच होतं.

"को-शिन, सुरू करू का?"

ध्वनिमुद्रणात फक्त पंख्याची घरघर. बराच वेळ. मग म्हातारी हलकेच स्वतःशी म्हणाली, "अगं बाई, विसरलेच मी. तू कुठली असायला आता."

आणि ती गाऊ लागली.

को-शिनला हक्का येत नाही. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली.

"माझं नाव घेतलं ना गं तिने? काय म्हणाली?"

"विचारलं, सुरू करू का."

"आणि मग?"

"मग काही नाही," मी म्हटलं. "मग गाणंच आहे."