मुठीत मावणारं पिल्लू

"गोल डोकं, चपटं नाक, कापसासारखे केस!" अड्याळचे धान्य व्यापारी भैय्यालाल कुत्र्याच्या पिल्लाच्या रिकाम्या पिंजऱ्यापुढे उभे राहून सांगत होते. "मुठीत मावे, ताई. कोणीतरी उचलून नेलं. उद्या पाहुणे येऊन राहिले, त्यायले काय दाखवू?"

"खात काय होतं ते?" भंडाऱ्याहून आलेल्या खासगी गुप्तहेर रुखमिणी शहारे यांनी विचारलं.

"डोळे बटनावानी!"

"मी खाण्याचं विचारलं."

ते त्यांना ठाऊक नव्हतं. वाटीतला कोरडा खाऊ तसाच होता. पिंजऱ्याची कडी नीट लावलेली होती. फाटकही सकाळी आतूनच बंद होतं. पिंजऱ्याशेजारी कापसाची दुधात भिजलेली वात पडली होती.

"देवाची असंन," सहायक निकेश म्हणाला.

"देवाची वात दुधात भिजवत नाहीत, निकेश."

भैय्यालालांची कॉलेजात जाणारी मुलगी अपेक्षा दारात उभी होती. तिने एकच विचारलं, "सापडलं तर इथंच आणान का?"

शेजारच्या गोदावरीबाई कुंपणापलीकडूनच कडाडल्या. "मी कायले नेऊ? दिवसभर कुईकुई! काल दुपारपासून चूप झालं, तवा कुठं डोळा लागला."

पिल्लू विकणारा मनिष बाजारामागे राहत होता. त्याची कुत्री पोत्यावर पडली होती. पोटाचे केस ओले होते, नजर आतल्या बंद खोलीकडे.

"पिल्लू दोन महिन्यांचं होतं," मनिष म्हणाला. "बाकीची केव्हाच विकली. हिचं दूधही आटलं."

रुखमिणीने भैय्यालाल आणि अपेक्षाला तिथेच बोलावून घेतलं.

"ताई, चोर कोण?" निकेश वैतागला.

"चोर नाहीच. फाटक आतून बंद, म्हणजे नेणारं घरातलं. वात दुधाची, म्हणजे त्या माणसाला कळलं होतं की पिल्लाला खाता येत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू खाऊ चावतं. हे त्याहून लहान होतं. काल ते चूप झालं, कारण रडायचंही बळ उरलं नव्हतं. आणि आटलेल्या कुत्रीचं पोट दुधानं ओलं कसं? मनिष, दार उघड."

मनिषने उघडलं. आत टोपलीत पिल्लू झोपलं होतं.

"गिऱ्हाइकायले लहानच पायजे," तो पुटपुटला. "आईपासून लवकर नाही तोडलं तं कोणी घेत नाही. वयाचं बिंग फुटंन म्हणून चूप राहिलो."

"पहाटे मीच आणून देल्लं," अपेक्षा म्हणाली. "वातीनंही पेत नव्हतं. मरून राहिलं होतं, बाबा. तुमाले दोनदा सांगतलं. तुमी फोटो काढत होते."

भैय्यालाल टोपलीवर वाकले. मग हळूच मनिषला म्हणाले, "म्हणजे हे आता मोठं होईन?"

"पोटभर प्यालं तं होईनच."

"मंग याच्याहून लहान जात कोणती असते?"

रुखमिणीने कपाळाला हात लावला.

अपेक्षाने पिल्लू उचलून आईच्या पोटाशी ठेवलं आणि तिथेच बसली. "घरी जा, बाबा," ती मागे न वळता म्हणाली. "मी याचं पिऊन होईपर्यंत येत नाही."