बिननावाच्या पोरीचं बोलावणं

ठाकुर्लीत लग्नपत्रिका छापताना मी शुद्धलेखन नंतर बघतो, आधी माणसं. आगरी घरची पत्रिका म्हणजे अख्खं गाव. एक चुलता सुटला की मांडवात चार तोंडं वाकडी. खाडीकडच्या काळुरामशेठनी लेकीच्या, रुपालीच्या पत्रिकेत अडीचशे नावं दिलेली. तळाला ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी अकरा पोरं.

प्रूफात बारा आली. शेवटचं नाव, तान्ही.

“ही कोणाची?” शेठनी विचारलं.

“तुमच्यातलीच असेल. तुम्हाला तरी सगळी कुठे आठवतात?”

शेठ हसले. मी फाइल उघडली. तिच्यात अकराच. परत छापलं, तर बारा. तिसऱ्यांदाही बारा.

मग शेठ हसेनात. गोमीआजींना घेऊन आले. आजी धवलारीण, लग्नात धवळे गाऊन देवांना, पितरांना मांडवात बोलावणारी. त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं.

“फिरंगी गावात ठाण मांडून बसलेलं, तवा तुजी मानसं खाडीच्या तिवरांत लपली. पोर रडाया लागली. आयनं तोंड दाबलं. तुज्या घरची बाकी सगली वाचली. बारसं झालं नव्हतं, म्हनून तिला कंदी बोलावनं नाय.”

“लेकीच्या लग्नात अपशकुन नको, आजी.”

“ती गप झाली म्हनून तू हायस रं.”

शेठनी त्या नावावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाले, “राहू दे. छाप.”

हळदीला दुपारपासून बेंजोवाले वाजवत होते. शेठनी कंबरदुखीची तक्रार त्या दिवसापुरती मागे घेतलेली. व्याह्यांना ओढून नाचवत होते. रुपाली नखशिखांत पिवळी, हसून हसून दमलेली.

मग आजींनी धवळा धरला. त्यात तिवरांची ओळ आली की वाद्यं थांबतात आणि आया आपापल्या पोरांच्या तोंडावर हात ठेवतात. त्या घरची रीतच आहे; का, ते आजींशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

मांडव शांत झाला.

तरी एक तान्हं रडलं.

मी पोरं मोजली. एकूण एक तोंड झाकलेलं.

“रड गो बाय,” आजी म्हणाल्या. “गेलं त्ये फिरंगी.”

रुपालीनं डोळे पुसत टाळी वाजवली. मग सगळ्याच बायकांनी. शेठ रडत होते आणि हसतही होते.

तेवढ्यात खाडीच्या अंगानं दुसरं रडायला लागलं.

मग तिसरं.

सतरापर्यंत मी मोजलं. बायका सतरंजीवर सरकून त्या सगळ्या बिननावाच्यांना जागा करत होत्या.